नानांचे डोळे आणि उलटी काच

पुढे जपानी कॅमेरे आले. त्यांच्या कडांना उजेड अडवायला लावलेला काळा फोम दहा-पंधरा वर्षांत पाघळून काकवीसारखा बोटांना चिकटायचा. तेव्हा ग्वाल्हेरातले लोक डोळे मिटून जगदेवराव काळभोरांचं दुकान गाठायचे. पण ही गोष्ट त्याच्या फार आधीची. फोम कुणाला ठाऊक नव्हता आणि कॅमेरे लाकडाचे असायचे तेव्हाची.

जगदेवराव मूळचे संस्थानच्या तोफखान्यातले. तोफ त्यांनी कधी डागली नाही. दुर्बिणी आणि अंतर मोजायची यंत्रं दुरुस्त करायची, हे त्यांचं काम. अठ्ठेचाळीस साली संस्थान मध्यभारतात विलीन झालं. पुढच्या दोन-तीन वर्षांत फौजही मोठ्या फौजेत मिसळली. ज्यांना घेतलं ते गेले, उरलेल्यांना घरी पाठवलं. जगदेवराव उरलेल्यांत होते. बेचाळिसाव्या वर्षी त्यांनी टोपी बाजारात एक अरुंद दुकान घेतलं आणि आधी चष्मे, मग घड्याळं, मग कॅमेरे उघडायला सुरुवात केली.

वस्तू हातात आली की ते लगेच पेचकस उचलत नसत. ती उलटसुलट करून बघत बसत. कधी तासभर. सुलोचनाबाई, त्यांची बायको, म्हणायच्या, "गिऱ्हाईक ताटकळतंय अन् तुम्ही वस्तूची पत्रिका बघताय!"

छप्पन सालच्या ऑक्टोबरात एका सकाळी नया बाजारातले लक्ष्मीकांत आठल्ये एक जडशीळ लाकडी कॅमेरा घेऊन दुकानात आले. मागून त्यांचे वडील, नाना. सत्तरीचे, ताठ, पण पायरी चढताना मुलाचा खांदा धरलेले. आठल्यांचा फोटो स्टुडिओ जुना. दरबारच्या वेळेपासून ग्रुप फोटो काढायचे ते नानांनीच.

"बघा हे," म्हणत लक्ष्मीकांतांनी एक फोटो पुढे केला.

एका कचेरीतली बत्तीस माणसं तीन रांगांत बसली-उभी होती. एक नोव्हेंबरला नवं राज्य होणार, राजधानी भोपाळला जाणार. कचेरी फुटून कुणी भोपाळ, कुणी इंदूर, कुणी कुठं. त्याआधी सगळ्यांचा एक फोटो हवा होता. पण फोटोतले चेहरे धुकटलेले होते आणि उजव्या कोपऱ्यातून पांढरा पट्टा थेट हेडक्लार्क शिवाजीरावांच्या पगडीवर उतरला होता.

"उन्हाळ्यापासून नानांचे फोटो असेच येतायत," लक्ष्मीकांत म्हणाले. "डोळे गेले त्यांचे. म्हणून या वेळी मी स्वतः काढला. तर हे! आता लोकांना काय सांगू? रविवारी परत सगळ्यांना बोलावलंय, त्यानंतर कोणी सापडायचं नाही."

नाना स्टुलावर बसून रस्त्याकडे बघत राहिले.

जगदेवरावांनी भिंग काढलं आणि फोटोवर वाकले. बराच वेळ वाकलेले राहिले. मग हळूच म्हणाले, "लक्ष्मीकांतराव, मागच्या भिंतीच्या विटा मोजता येतायत."

"मतलब?"

"कॅमेरा आंधळा नाही. नजर चांगली तेज आहे. फक्त तो माणसांना सोडून भिंतीकडे बघतोय. का बघतोय, ते कळलं पाहिजे."

पांढऱ्या पट्ट्याचं कारण तासाभरात सापडलं. फोटो जिच्यावर उतरतो त्या प्लेटच्या डब्याची झडप ज्या फटीतून सरकते, तिथं मखमलीची पट्टी असते. उजेड आत शिरू नये म्हणून. ती झिजून टक्कल पडल्यासारखी झाली होती. जगदेवराव शेजारच्या दौलतसिंहांकडे गेले. त्यांचं टोप्यांचं दुकान, दिवाळी तोंडावर आलेली, काळ्या मखमलीचे तागे पडलेले.

"कातरण चाहिए? घ्या ना, ढेर पडलंय," दौलतसिंह म्हणाले. "पण कॅमेऱ्याला टोपी घालणार का काय?"

पहिली मखमल इतकी दाट निघाली की झडप अडकून बसली. दुसरी पातळ. दुकानाचं दार लावून, डब्याच्या आत विजेरी पेटवून पाहिलं तर फटीतून उजेडाची रेघ दिसली. तिसरी बरोबर बसली. सरसाने ती चिकटवून जगदेवराव हात पुसत होते, पण त्यांचं डोकं अजून त्या विटांपाशीच होतं.

दुपारी त्यांनी दौलतसिंहांच्या पाच टोप्या मागून आणल्या. फळीवर अर्ध्या-अर्ध्या वितीच्या अंतराने एकीमागे एक तिरक्या मांडल्या आणि नानांना म्हणाले, "नाना, तिसऱ्या टोपीवर नजर जमवा."

"मी कशाला? तो आहे ना," नाना म्हणाले.

"तुम्हीच."

नाना काळ्या फडक्याखाली शिरले. कॅमेऱ्याच्या मागच्या दुधी काचेवर चित्र उमटतं, ते पाहून त्यांनी समोरचं भिंग पुढेमागे सरकवलं आणि तिसऱ्या टोपीवर थांबले. मग लक्ष्मीकांत शिरले. त्यांनाही तिसरी टोपी अगदी स्पष्ट दिसली. प्लेट घातली, फोटो घेतला, लक्ष्मीकांत स्टुडिओत जाऊन धुऊन घेऊन आले.

चौथी टोपी स्पष्ट होती. तिसरी धूसर.

"दोघांनाही तिसरीच दिसली होती," जगदेवराव म्हणाले. त्यांना आता वेगळीच तरतरी आली होती. "म्हणजे डोळ्यांचा सवालच नाही."

नानांनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं.

उत्तर मात्र मिळेना. दुधी काच आणि प्लेट एकाच खोलीवर असली पाहिजे, एवढं तर उघड होतं. काचेवर दिसतं तेच प्लेटवर यायचं असेल तर दुसरा मार्ग नाही. जगदेवरावांनी फौजेतली खोली मोजायची पट्टी काढली. चौकटीपासून प्लेटपर्यंतचं अंतर घेतलं. काचेपर्यंतचं घेतलं. केसाचाही फरक नाही. परत मोजलं. तेच.

दोन दिवस कॅमेरा तसाच पडून राहिला. शनिवारी सकाळी नाना एकटेच आले आणि पुन्हा स्टुलावर बसले. जगदेवराव काचेचे चारी कोपरे मोजायला निघाले होते. खूण करायला म्हणून त्यांनी बाहेरच्या बाजूने पेन्सिल टेकवली, आणि काचेवर काळी रेघ उमटली.

ते रेघेकडे बघतच राहिले.

"नाना, काचेवर पेन्सिल उठते का हो?"

"गुळगुळीत काचेवर? असं थोडीच होतं," नाना म्हणाले. मग ते उठले, जवळ आले आणि अंगठ्याने काच चाचपली. "अरे, खरखरीत बाजू बाहेर आहे! ती आत हवी. भिंगाकडे तोंड करून. चित्र उमटतं ते खरखरीत बाजूवर."

"आणि मी मोजत होतो गुळगुळीत बाजूपर्यंत!" जगदेवरावांनी कपाळावर हात मारला. "काचेची जाडी हिशेबातून सुटली. चित्र काचेच्या मागच्या अंगावर, प्लेट पुढच्या अंगावर. तेवढ्याने नजर भिंतीवर गेली. ही काच कधी बदलली?"

"उन्हाळ्यात. लूचं गरम वारं सुटलं होतं, कॅमेऱ्याचं तिकाटणं कोसळलं, जुनी फुटली. नवी..." नाना थांबले. "नवी लक्ष्मीकांताने बसवली."

बाहेर दौलतसिंहांकडे गिऱ्हाईक घासाघीस करत होतं. जगदेवरावांनी चार स्क्रू काढले, काच उलटी केली आणि चौकट नानांपुढे धरली. नानांनी ती दोन्ही हातांत घेतली.

"पाच महिने मी जिन्यावर भिंत धरून चाललो हो," ते म्हणाले. "मला खरंच दिसत नाही असं वाटायला लागलं होतं."

संध्याकाळी लक्ष्मीकांत आले तेव्हा नानांनीच त्यांना सांगितलं. रागावून नाही. लक्ष्मीकांतांचा चेहरा उतरला. ते काचेकडे, मग वडिलांच्या हाताकडे बघत राहिले. शेवटी इतकंच म्हणाले, "नाना, उद्याचा फोटो तुम्ही काढा."

रविवारी बत्तीसपैकी तीस माणसं आली. दोघं आधीच इंदूरला गेले होते. जगदेवराव न राहवून बघायला गेले. नाना फडक्याखालून बाहेर आले, शिवाजीरावांना हनुवटी खाली घ्यायला सांगितलं आणि भिंगाचं झाकण काढलं. पायरी उतरताना त्यांनी कुणाचा खांदा धरला नाही. फोटोत पगडीची एकेक घडी दिसत होती.

तीन वर्षांनी नानांना खरोखरीचा मोतीबिंदू झाला. तेव्हा मात्र त्यांनी आपण होऊन कॅमेरा मुलाच्या हातात दिला. तोवर लक्ष्मीकांत दर गुरुवारी दुपारी जगदेवरावांच्या दुकानात येऊन बसू लागले होते, यंत्रं उघडायला शिकायला. पहिल्या दिवशी जगदेवरावांनी त्यांच्यापुढे एक बंद पडलेला कॅमेरा ठेवला आणि पेचकस आपल्या खिशात टाकला.

"आज नुसता बघा," ते म्हणाले. "काय काय दिसलं ते चार वाजता सांगा."

लक्ष्मीकांत बघत बसले.