दोर ढिला नव्हता

खोटं काऊन बोलू, बीबी गावातल्या साऱ्या बायांले वाटलं होतं का महामायाले बाहेरचं लागलं. अन् हे सांगणारी मी त्यात सगळ्यात पुढं होती. आता आठवलं का आपलंच हसू येते.

वाटणार नाही तं काय. भरदुपारी दार लोटून बाई लॅपटॉपच्या काळ्या पडद्यापुढं बसे. एकच बटण दाबे, वरच्या बाणाचं, अन् बोले, "हाव, हे झालं. पुढचं दाखवा." घरात दुसरं कोणी नाही. नवरा जाऊन सात महिने झालेले.

नवरा म्हणजे प्रसेनजित, कॉलेजात भूगोल शिकवे. नऊ वर्षं दर रविवारी चौदा विहिरींत दगड बांधलेला दोर सोडून त्यानं पाणी मोजलं. आकडे लॅपटॉपात. माऊस नाही, सारं काम कमांडी टाइप करून: हे आकडे काढ, हे लाव, याचा आलेख कर. वरचा बाण दाबला का मागच्या कमांडी एकेक करून वर येत, त्याच्याच हातच्या, चुकांसकट.

महामायाले त्याचं काम पुरं करायचं होतं. भाची अर्पिता इंजिनिअरिंगले, ती शिकवाले आली अन् पहिल्याच दिवशी म्हणाली, "मामी, हे शेवटच्या हजारच ओळी ठेवते. तू नवी टाकली का मामाची जुनी एक गेली."

महामायानं पटकन बटणावरून हात उचलला.

"कॉपी करून ठेव ना."

"कॉपी वाचता येईल, अर्पे. बोटाखाली थोडीच येईल?"

"मंग कमांडीच्या आधी स्पेस दाबून एक जागा मोकळी सोड. मामानं सेटिंगच अशी लावून ठेवली का तशी ओळ मशीन लिहूनच घेत नाही."

तवापासून बाई आधी जागा सोडे, मंग कमांड. झोपलेल्या माणसाच्या उशाशून जावं, तशी.

एका दुपारी बाण दाबता दाबता एक ओळ आली: 'एम' खुणेचे आकडे वगळ. पुन्हा आली. एकोणीस वेळा आली. एम म्हणजे महामाया. प्रसेनजित टायफॉइडनं पडला तवा अकरा रविवार दोर तिनं सोडला होता. "तुझा दोर ढिला राह्यते, हातभर फरक पडते," तो म्हणे. लई भांडण झालं, तवा म्हणाला, "बरं बाप्पा, धरतो तुझे आकडे."

धरले नव्हते.

तिनं तीच कमांड वर आणली, 'वगळ' खोडलं, एंटर दाबलं. आलेख आला. उन्हाळ्याचं पाणी उतरत गेलं होतं, अन् तिचे सारे ठिपके त्याच्या रेघेत असे बसले होते का कोणता कोणाच्या हातचा ते ओळखू येईना.

आधी जागा मात्र तिनं सोडली नव्हती. मुद्दाम. त्याची सगळ्यात जुनी ओळ गेली.

तिनं बाण दाबला. आधी तिची ओळ आली, मंग लागूनच त्याची.

"पाह्यलं?" ती म्हणाली. "दोर ढिला नव्हता."

बावीस वर्षांत पहिल्यांदाच तिकडून उलट उत्तर आलं नाही.

"मंग! म्हणत होती ना मी," ती म्हणाली, अन् चहा ठेवाले उठली.