भरलेलं मॅगझीन
शिलाई मशीनच्या तेलाचा वास आला, की करी रोडच्या चाळीतला माझा पाहण्याचा कार्यक्रम आठवतो. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यांचे दिवस, आणि घरातली पहिली पदवीधर मी. मुलाच्या वडिलांच्या अंगाला असाच वास येत होता. पलटणीतून निवृत्त होऊन ते एका पेढीवर स्वतःचं पिस्तूल घेऊन पहारा करत, आणि त्याला हेच तेल घालत. पोहे खाताना म्हणाले, “बीएस्सी ना गो तू? मग सांग, पिस्तुलाचं मॅगझीन गोळ्या भरून ठेवलं तर स्प्रिंग मरते ना? मी रोज रिकामं करतो.” माझे वडील डोळ्यांनी ‘हो म्हण’ सांगत होते. मी म्हटलं, “नाही. दाबून ठेवल्याने चांगली स्प्रिंग मरत नाही, रोजच्या भरण्या-काढण्याने झिजते.” ते मुलाकडे वळले. “ही तुझंही ऐकणार नाही रे.” “चालेल,” तो म्हणाला. लग्नानंतरही मामंजी मॅगझीन रोज रिकामं करायचे, फक्त माझी पाठ वळल्यावर. आणि ह्यांना अजून तरी पस्तावा झालेला दिसत नाही.