राखीपासून पळणारी मुलं

समोरच्या शाळेच्या कुंपणावरून आज एक मुलगा उडी टाकून पळाला. मागे राखी घेतलेली मुलगी, आणि हसणारा अख्खा वर्ग. आवडत्या मुलीनं भाऊ करू नये म्हणून आमच्या वर्गातली मुलंही अशीच पळायची. त्यांचं पळणं सगळ्यांना कळायचं. मला अजूनही त्यांचा हेवा वाटतो.

कारण शाळेतल्या अशाच एका राखीच्या दिवशी माझ्या बाकावरची सुनंदा म्हणाली, "मला भाऊ नाही गं. तुलाच बांधते, तू माझी बहीणच."

मी पळाले असते, तर कुणाला काय सांगितलं असतं? मुलगी मुलीच्या राखीपासून कशाला पळेल? मी हात पुढे केला. तिची बोटं मनगटावर गाठ मारत होती आणि मी बाहेर पळणाऱ्या मुलांकडे बघत होते.

"घट्ट झाली का गं?" तिनं विचारलं.

"नाही," मी म्हटलं.