पन्नासचा आकडा

आमच्या सोसायटीत बी विंगला बी विंग न म्हणणारा एकच माणूस होता. काशिनाथदादा भोईर तिला 'नाचनी' म्हणत. ए विंग म्हणजे 'कोलम', क्लब हाउस म्हणजे 'खलं' आणि पाहुण्यांच्या गाड्यांची जागा म्हणजे 'गोठा'. मी बदलापूरच्या कात्रपला राहायला आलो त्या दिवशी सामानाच्या टेम्पोपाशी उभे राहून त्यांनी मला पहिलाच प्रश्न विचारला, "तुमी नाचनीत का कोलमात?" मला वाटले, प्रश्न आहाराचा आहे. मी म्हणालो, दोन्ही खातो. त्यांनी माझ्याकडे जरा कीव आल्यासारखे पाहिले आणि वॉचमनला सांगितले, "यांना नाचनीत तिसऱ्या माल्यावर सोड."

ही सगळी जमीन एके काळी त्यांची होती; जिथे जे पीक, खळे किंवा गोठा होता तेच नाव त्यांच्या तोंडी राहिले होते. बिल्डरने शेत घेतले, बदल्यात तळमजल्यावरची घरे दिली आणि इमारतींच्या समूहाला 'शिवार रेसिडेन्सी' असे नाव ठेवले. आपल्याकडे जे बुजवले जाते त्याचेच नाव कमानीवर येते. दादांना त्याचे वाईट वाटत असे की नाही, हे शेवटपर्यंत कळले नाही. एवढेच म्हणत, "कागुद न वाचनारा फसतो, वाचनारा पन फसतो. वाचनारा जरा उशिरा फसतो, येवराच काय तो फरक." मी आयुष्यभर कागद वाचण्याचीच नोकरी केल्यामुळे हे वाक्य ते माझ्याकडे पाहूनच म्हणत.

जमिनीच्या पैशातून त्यांनी स्वतःसाठी केलेली एकमेव खरेदी म्हणजे त्यांची स्टेशन वॅगन. बिस्किटाच्या रंगाची, लांबलचक, आणि कंपनीने बनवायची केव्हाच थांबवलेली. तिला ते 'वागीन' म्हणत. सगळे लोक गाडी पुढून बघून घेतात, यांनी मागून बघून घेतली होती. शोरूममध्ये मागचे दार उघडून ते आत आडवे झाले, पाय लांब केले, आणि उठून म्हणाले, द्या. त्यांचे म्हणणे असे की ज्या गाडीत माणूस आडवा होऊ शकत नाही ती गाडी नव्हे, खुर्ची. त्या वागिनीतून भाताची पोती गेली, नातवंडे गेली, एकदा एक बोकडही गेला. तो परत आला नाही.

आता होडीविषयी. होडी दादांच्या वडिलांची. उल्हास नदीच्या पलीकडून गवत आणायला ते ती वापरत. नदीकाठची झोपडी गेली तेव्हा दादांनी होडी उचलून इकडे आणली आणि गोठ्यात, म्हणजे पाहुण्यांच्या पार्किंगमध्ये, विटांवर पालथी घातली. तिच्या पाठीवर त्यांच्या पत्नी हिराबाई बोंबील वाळवत. पाहुण्यांना गाडी लावायला जागा मिळत नसे, पण आपण कोणाकडे आलो आहोत हे फाटकापासूनच कळे.

आमचे चेअरमन सबनीस यांना हे सहन होण्यासारखे नव्हते. सबनीस एका सरकारी खात्यातून निवृत्त झाले होते, पण खाते त्यांच्यातून निवृत्त झाले नव्हते. ते जिना चढतानासुद्धा योग्य त्या मार्गाने चढत. त्यांनी फलकावर सूचना लावली: पार्किंगमधील 'जलवाहतुकीचे साधन' वार्षिक सभेपूर्वी हलवले नाही, तर ते भंगार समजून त्याची विल्हेवाट लावण्यात येईल.

दादांना हलवायला हरकत नव्हती. नदीकाठी त्यांची एक पट्टी अजून विकायची राहिली होती. होडी तिथेच न्यायची होती त्यांना. त्यांनी टेम्पोवाला बोलावला. त्याने होडीला एक फेरी मारली, पायाने ठोकून पाहिले आणि विचारले, "काका, हा भंगार कुठल्या दुकानात टाकायचा?"

दादांनी त्याला चहा पाजून परत पाठवले. मग माझ्याकडे वळून, आवाज न चढवता, म्हणाले, "माज्या बापाला मी एकदा जाललाय. दुसऱ्यांदा नाय जालनार. होडी माजी वागीन वढून नेल."

त्यासाठी वागिनीच्या मागे आकडा हवा होता. आकडा म्हणजे गाडीच्या बुडाला बसवायचा लोखंडी दांडा आणि त्यावरचा गोळा, ज्याला मागची ट्रॉली अडकवतात; इंग्रजीत त्याला हिच म्हणतात. ट्रॉली मिळाली. अंबरनाथ पूर्वेला एका मंडपवाल्याकडे जनरेटर वाहायची जुनी दोनचाकी ट्रॉली पडून होती. तिचे तोंड बघून मंडपवाला म्हणाला, हिला पन्नास मिलिमीटरचा गोळा लागतो, त्याहून कमी घेतलात तर पहिल्याच स्पीडब्रेकरला ट्रॉली माहेरी जाईल. दादांचा कागदावर विश्वास नसल्याने त्यांनी हे लिहून घेतले नाही. पाठ केले. पुढे कित्येक दिवस ते दूध घेताना, पायऱ्या उतरताना, देवाला नमस्कार करताना "पन्नास, पन्नास" असे पुटपुटत असत. आणि कोणी विचारले तर खरे तेच सांगत: "शनवारी आकडा लावायचाय. पन्नासचा."

आमच्या भागात 'आकडा लावणे' याचा अर्थ काय होतो, हे बदलापूर ते कल्याण कोणत्याही पानवाल्याला विचारावे. मटक्याला लावतात तो आकडा. आणि ज्याच्या नाचणीच्या शेताला एवढा भाव आला, त्या माणसाच्या नशिबाबद्दल कोणाच्या मनात शंका नव्हती.

पहिल्यांदा मला याची कल्पना आली ती उल्हासनगरात. गाड्यांच्या सामानाच्या गल्लीत एका सिंधी शेठच्या काउंटरवर हात ठेवून दादा म्हणाले, "आकडा पायजे. पन्नासचा."

शेठने डावीउजवीकडे पाहिले आणि खालच्या आवाजात सांगितले, "साईं, ये अपनी लाइन नहीं है. पानवाले के बाजू में पूछो."

"पानवाल्याकरं कनचा असनार?" दादा म्हणाले. "मना लोखंडाचा पायजे."

शेठच्या चेहऱ्यावरून दिसत होते की धंद्यात इतकी वर्षे काढून लोखंडाचा मटका त्यांनी प्रथमच ऐकला. शेवटी मी एका खोक्यावर चित्र काढून दाखवले. शेठचा चेहरा उजळला. "हिच! हिच बोलो ना, साईं. हिच चाहिये."

दादा चित्रावर बोट ठेवून शांतपणे म्हणाले, "हीच नाय, शेठ. हाच. तो आकडा हाय."

परक्या माणसाचे मराठी सुधारल्याच्या समाधानात ते परतीच्या वाटेभर होते. मांडीवर खोके होते. शेठने माल अस्सल इम्पोर्टेड असल्याची हमी दिली होती. खोक्यावरच्या चिकटपट्टीवर एका देशाचा झेंडा होता. तो मला ओळखता आला नाही, बहुधा त्या देशालाही आला नसता. पण दादांनी काउंटरवरच गोळ्याला टेप लावून खात्री केली होती. पन्नास म्हणजे पन्नास.

इकडे वॉचमन मिश्राने आपले काम केले होते. बातमी दूधवाल्याकडून इस्त्रीवाल्याकडे आणि तिथून कपड्यांच्या घड्यांबरोबर घरोघर गेली. एरवी जिन्यात न बोलणारे लोक मला थांबवून, तुमचे दादांकडे येणे-जाणे आहे म्हणून विचारतो, अशी सुरुवात करू लागले. मी प्रत्येकाला सांगितले की हा गाडीचा आकडा आहे. त्यावर दोघा-तिघांनी डोळे मिचकावले आणि खाली जाऊन वागिनीची नंबरप्लेट बघून आले. नंबरात पाच होता. शून्यही होते. त्यानंतर मी सांगणे सोडून दिले.

सबनिसांच्या कानावरही ते गेले. 'आकडा' म्हटल्यावर त्यांना आधी विजेची चोरी आठवली. त्यांनी मीटरची खोली तपासून घेतली. तिथे काही सापडेना तेव्हा मिश्राने त्यांना काय ते सांगितले. दुसऱ्या दिवशी फलकावर नवी सूचना आली: 'सोसायटीच्या आवारात अंकांवर आधारित कोणत्याही प्रकारास सक्त मनाई आहे.' आठवीतल्या मुलांनी ती आईला नेऊन दाखवली आणि गणिताचा अभ्यास बंद केला.

शनिवार उजाडला. अंबरनाथहून एक वेल्डर आला आणि दादा वागिनीखाली शिरले. बाहेर फक्त त्यांची पावले दिसत होती, आणि हुकूम तेवढे गाडीच्या पोटातून येत होते. मागचा बंपर उतरवला. आकड्याची इम्पोर्टेड पट्टी गाडीच्या सांगाड्याला लावून पाहिली तर भोके बोटभर सरकलेली निघाली. नवी भोके पाडली. मग सायलेन्सरचा पाइप आडवा आला. तो दादांनी पायाने दाबून धरला आणि वेल्डरने खाली वाकवून बांधला. माणसे बाल्कनीतून बघत होती. त्यांना वाटले, आकडा लावण्याआधी दादा वाहनाची पूजा करत आहेत.

संध्याकाळी काम संपले. होडी ट्रॉलीवर चढली, दोरांनी आवळली, ट्रॉलीचे तोंड गोळ्यावर टपकन बसले. दादा धूळ झटकत उभे राहत होते, तोच मिश्रा फाटकाकडून पडक्या चेहऱ्याने आला आणि म्हणाला, "काका, आकडा फूट गया."

मटक्याचा निकाल लागला की आकडा फुटला म्हणतात. दादांना हे कुठून ठाऊक असणार? ते जमिनीवर पालथे पडून पुन्हा गाडीखाली गेले. वेल्ड चाचपला, बोल्ट हलवून पाहिले. आतून आवाज आला, "कुठं फुटला रे? आख्खा तं हाय."

तेवढ्यात जिन्यावरून सबनीस उतरले. बनियनवर होते आणि, माझ्या आठवणीत पहिल्यांदाच, कठडा न धरता उतरत होते. "भोईर," ते म्हणाले, "तुम्ही सरळसरळ चुकीचा आकडा सांगितलात. पन्नास नव्हताच."

वरून सौ. सबनीस बाल्कनीत आल्या आणि कठड्यावर दोन्ही हात ठेवून उभ्या राहिल्या.

दादा गाडीखालून बाहेर आले. त्यांनी खिशातला टेप काढून सबनिसांच्या हातात दिला. "मोजून घ्या, चेरमन. पन्नासच हाय."

सबनिसांनी गोळ्याकडे पाहिले, ट्रॉलीकडे पाहिले, होडीकडे पाहिले. त्यांच्या चेहऱ्यावर एकेक करून सगळे उजेड पडत गेले. मग ते खरोखरच वाकले आणि टेप लावला. दुसरे काय करणार? "बरोबर आहे," ते हळूच म्हणाले. आठवडाभर कोणाकोणाच्या घरी काय काय ठरले होते ते त्या वेळी बाल्कन्यांमधल्या चेहऱ्यांवर वाचता येत होते. कोणी हसले नाही. हसायला हात स्वच्छ लागतात.

दादांनी मात्र त्यांना एका शब्दाने टोचले नाही. एवढेच म्हणाले, "होडी धराला मागं एक मानूस कमी हाय. येता का?" सबनिसांनी एकदा वर बाल्कनीकडे पाहिले आणि नदीवर जाणे पसंत केले. शर्ट त्यांना हिराबाईंनी दादांचा दिला. सोसायटीच्या कमानीखालून वागीन निघाली, मागे ट्रॉली, आणि ट्रॉलीवर होडीला मिठी मारून बसलेले आमचे चेअरमन. प्रत्येक स्पीडब्रेकरला ते डोळे मिटत. पन्नासच्या गोळ्याने ट्रॉली सोडली नाही.

नदीकाठी होडी पाण्यात लोटली. इतकी वर्षे कोरड्यावर राहून फळ्या आकसल्या होत्या. पाणी फटींतून आत येऊ लागले. सबनीस ओरडले की बुडते आहे. दादा आत जाऊन बसले. पाणी त्यांच्या घोट्यापर्यंत आले, आणि ते तसेच बसून राहिले, देवाच्या पालखीत बसावे तसे. "पिऊ दे तिला," ते म्हणाले. "कवाची उपाशी हाय. पोट भरलं का आपोआप थांबल." काही दिवसांनी लाकूड फुगले, फटी मिटल्या, आणि होडी खरोखरच थांबली.

दादा त्यानंतर दोन पावसाळे होडीत बसले. भात कापणीला आले असताना गेले. आमच्या आवारात कापायला भात नव्हते, पण हिराबाईंनी वेळ अशीच सांगितली. वागीन हिराबाईंनी विकू दिली नाही. ती गोठ्यात उभी आहे, आणि तिचा आकडा मागे वीतभर बाहेर आलेला आहे. नेमका नडगीच्या उंचीला. सोसायटीत असा माणूस नाही ज्याच्या नडगीने तो ओळखला नाही.

मागच्या वार्षिक सभेत कोणीतरी विषय काढला की तो कापून टाकावा. सबनीस अजून चेअरमन आहेत. त्यांनी सगळ्यांना खाली नेले, परिस्थितीची प्रत्यक्ष पाहणी व्हावी म्हणून. समितीकडे तोंड करून, नियमातली कलमे सांगत, ते मागे मागे सरकत गेले. मग एक ओळखीचा आवाज झाला आणि चेअरमन नडगी धरून खाली बसले. "लागला," ते कळवळून म्हणाले, "आकडा लागला."

मिश्रा फाटकावरून धावत आला. "कौनसा, साहब?"

सबनीस काही वेळ नडगी चोळत राहिले. मग होडीच्या रिकाम्या जागेकडे, तिथे अजून तशाच असलेल्या विटांकडे बघून त्यांना हसू फुटले. ते हसू आवरेना, डोळ्यांत पाणी आले, आणि ते नडगीमुळे की कशामुळे हे कोणी विचारले नाही.

"पन्नास," ते म्हणाले. विषय रद्द झाला.