साहेबाच्या आरशातलं सूनमुख

मुळशी धरणाच्या पाण्याकडे तोंड करून एक जुना दगडी बंगला उभा आहे. तो इंग्रज साहेबानं बांधला की पारशी शेटजीनं, यावर तिथला मॅनेजर आणि माळी यांचं आजवर एकमत झालेलं नाही. आता तिथं लग्नं होतात आणि त्यातल्या बऱ्याच लग्नांचे फोटो मी काढते. नववीतून शाळा सोडून वाशीमकडून एकटी आलेली मी, हिंजवडीजवळच्या माणमधल्या भाड्याच्या खोलीतून निघून त्या फाटकातून आत शिरते, तेव्हा अजूनही वाटतं, आता कुणीतरी हटकणार, "कुठं चाललीस गं?" पण वॉचमन सलाम ठोकतो आणि मला उगाच हसू फुटतं.

मोठा कॅमेरा पहिल्यांदा एकटीच्या गळ्यात पडला तेव्हा मात्र हसूबिसू काही सुचत नव्हतं. मला लाइट धरण्यापासून सगळं शिकवणारे दादा त्याच मुहूर्ताच्या दुसऱ्या लग्नाला कोळवणला गेले होते. जाताना म्हणाले, "बाकी काही हुकलं तर मी निस्तरतो. सूनमुख तेवढं चुकवू नको. मुलाच्या आईनं हा बंगला त्या एका फोटोसाठी भाड्यानं घेतलाय."

हे ऐकल्यापासून अक्षता पडेपर्यंत बॅटरी चार्ज आहे ना, कार्ड आत आहे ना, हे मी इतक्यांदा पाहिलं की करवली म्हणाली, "काही हरवलंय का?"

लग्न लागलं. मुलाची आई, इथल्याच खोऱ्यातली, धिप्पाड, खणखणीत आवाजाची, सुनेचा हात धरून थेट दिवाणखान्यात आली. तिथं भिंतीत बसवलेला जमिनीपासून छतापर्यंतचा आरसा आहे. त्याच्यासमोर तिनं दोन पाट मांडायला लावले.

"पोरी, नीट ऐक," ती मला म्हणाली. "माज्या सासूनं माजं तोंड पावडरीच्या डबीच्या आरशात बघितलं व्हतं. निम्मं तिचं, निम्मं माजं. लगीन झाल्यावर दोन दिस तिला माजा डावा गालच वळखू यायचा! आता माज्या सुनेचं आन् माजं तोंड अख्खं दिसाया पायजे. एकाच आरशात. मधी कुनी नको."

"हो मावशी," मी म्हटलं आणि आरशात पाहिलं. आरशात मावशी होत्या, नवरी होती, आणि त्यांच्या मागे कॅमेरा धरून घामाघूम झालेली मी होते. माझ्या मागे सगळं वऱ्हाड, आणि दारात जिलबी खात उभा असलेला आचारीसुद्धा.

वऱ्हाडाला बाजूला करणं सोपं होतं. मला बाजूला कोण करणार? मी डावीकडे सरकले, तर समोरच्या खिडकीचा उजेड आरशात उतरून दोघींची तोंडं काळी. उजवीकडे गेले, तरी तेच. "पडदे ओढू का?" म्हटलं, तर मॅनेजर हात जोडून धावला, "नको हो, फार जुने आहेत, हात लावला की फाटतात."

शेवटी मी दोघींच्या पाठीमागे गुडघ्यांवर बसले आणि त्यांच्या खांद्यांच्या मधून लेन्स पुढे काढली. आरशात बघून मावशी दचकल्या.

"अगं बया! भूत बसल्यागत दिसतंय की!"

"आई, हिचे केस दिसतायत फक्त," नवरी म्हणाली. ती हिंजवडीत नोकरीला होती, अडचण आली की लगेच उपाय शोधायची सवय. "झाकलं तर चालेल."

"व्हय की!" म्हणत मावशींनी अंगावरची शाल ओढली आणि माझ्या डोक्यावर टाकली. आत अंधार, आणि डांबराच्या गोळ्यांचा असा वास की डोळ्यांतून पाणी. बाहेर बायकांचे सल्ले सुरू. "डावीकडं दाबा!" "तिचा पाय दिसतोय!" "श्वास तरी घेऊ द्या पोरीला!"

मी एका डोळ्यानं कॅमेऱ्यातून पाहिलं. दोघीही अख्ख्या दिसत होत्या, पण तोंडं आधार कार्डावरच्यासारखी ताठ. मावशी तर श्वास रोखून बसलेल्या. हाच फोटो त्यांच्या घरात जन्मभर लटकणार होता. 'जरा हसा' असं म्हणायला मी तोंड उघडलं आणि मला शिंक आली. साधी नाही, आमच्या गावाकडची, अंगणात दिलेली वेशीवर ऐकू जाणारी.

शाल फुगून उडाल्यासारखी झाली. मावशी सुनेच्या अंगावर कोसळल्या, सुनेनं त्यांच्या गळ्यात हात टाकला, दोघी आरशात एकमेकींकडे बघून खदखदून हसायला लागल्या. बटणावरचं बोट आपोआप दाबलं गेलं. दाबलेलंच राहिलं.

बाहेर येऊन मी स्क्रीन त्यांच्यापुढे धरली. मावशींनी चष्मा लावला, फोटोवर बोट फिरवलं, आधी सुनेचं तोंड, मग स्वतःचं.

"आख्ख्या हायेत की गं आमी," त्या हळूच म्हणाल्या. मग पाटाजवळ ठेवलेल्या वाटीतली साखर सुनेला भरवली, आणि उरलेली चिमूट माझ्या तोंडात.

मी कॅमेरा खाली ठेवणार, तेवढ्यात मावशींची जाऊ आपल्या सुनेला ओढत पाटापाशी आली. "आमचं सूनमुख लाइट गेल्यामुळं झालंच न्हाई. सा वर्सं झाली. टाक शाल." तिच्या मागे आणखी एक जोडी, तिच्या मागे आणखी. एका म्हातारीची सून स्वतः सासू झालेली, तरी दोघी रांगेत धक्काबुक्की करत उभ्या. मॅनेजर घड्याळ दाखवत होता, पंगतीत पानं मांडून ठेवलेली, आणि मी शालीच्या आतून, नाक चोळत, घसा फोडून ओरडत होते, "पुढची जोडी!"