लांब पायांची चिप

मंगलाताई इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात चिप मागायच्या ती आधी पाय बघून. "लांब पायांची दाखवा, बोटांत धरता येणारी. ती तिळाएवढी नको." बऱ्हाणपूरचा दुकानदार हसायचा, "ताई, आता ती कोण लावतं?" "मी लावते. मी कोणीच नाही का?"

मंगलाताई म्हणजे माझी थोरली जाऊ. बीएस्सी होऊन लग्नाने आमच्या जसोंडी गावात आल्या आणि केळीच्या बागेला पाणी देणारी मोटर आपोआप चालू-बंद करणारा बोर्ड त्यांनी स्वयंपाकाच्या ओट्यावर बनवला. चिप कधी थेट बोर्डावर सोल्डरने डागली नाही. डागायचं ते सॉकेट, चिप त्यात नुसती दाबून बसवायची. विजेच्या झटक्याने जळली की उपटायची, दुसरी घालायची. प्रोग्राम भरलेली एक जादा चिप चंदेरी कागदात गुंडाळून कुंकवाच्या करंड्यात असायची.

त्यांचा नीलेश पुण्यात इंजिनियर. हुशार पोरगा, खोटं कशाला बोलू? दिवाळीला आगपेटीएवढा बोर्ड घेऊन आला. "आई, तुझा जुनाट झाला. हा बघ किती लहान!"

"लहान करून काय नाकात घालू? मोटरच्या पेटीत ढीगभर जागा आहे. हा बिघडला तर इथे डागणार कोण?"

"मी येईन ना."

"केळी थांबणार आहे का तुझ्या सुट्टीसाठी?"

मग ताईंचं दुखणं निघालं. खाटेवर बसून त्या मला शिकवू लागल्या. "काढ. घाल. परत काढ." चिपचा एक पाय वाकला आणि मला रडू फुटलं. त्या खेकसल्या, "रडतेस काय! चिमट्याने सरळ कर. म्हणून तर पायवाली घेतली. माझ्यामागे मोटर बंद पडलेली मला चालणार नाही."

होळीआधी त्या गेल्या. वैशाखात, केळीला घड लागलेले असताना, भर दुपारी मोटर बंद. पानांनी माना टाकल्या. नीलेशला फोन केला, तर म्हणाला, "काकू, हात लावू नका, मी रविवारी येतो." रविवारपर्यंत काय उरणार होतं, कपाळ!

फोन ठेवला. मेन स्विच पाडला, करंडा उघडला. जळकी चिप उपटली, नवीची खाच सॉकेटच्या खाचेशी लावून अंगठ्याने दाबली. स्विच वर केला, मोटर गुरगुरली, पाणी आलं. तेव्हा मात्र मी ताईंसाठी पोटभर रडले.

मग नीलेशला परत फोन लावला. "रविवारी ये बाळा, जेवायलाच ये. आणि येताना लांब पायांची चिप आण. प्रोग्राम तू भर, बसवेन मी. करंडा रिकामा झालाय."