बुढीले लपवून नेलं ते

बायको गेल्यावर दुपार सरता सरत नाई. म्हणून सुनेनं आपला टीव्हीवरचा व्हिडिओ गेम माह्या हाती दिला. त्यात राक्षसाचा किल्ला, तलवारी, जादू असं सगळं. आपला माणूस आपणच बनवाचा होता. मी बाई बनवली अन् तिले माह्या बुढीचं, बायकोचंच नाव दिलं.

तिथीच फसलो. खेळात नवी बाई लय कच्ची असते. दारावरच्या राक्षसानं कुऱ्हाड हाणली का खल्लास. माही बुढी डोळ्यादेखत पुन्हा पुन्हा मरे. एकदा मेली तेवढं पुरे होतं मले.

सून म्हणे, "मामाजी, काऊन धावून राह्यले? तिले लपवून न्या ना."

"मोहफुलं वेचाले जाताना आमी बोंबलतच जातो. आवाज आयकून अस्वल बाजूले होते."

"हा राक्षस आवाज आयकून अंगावर येते. तिचं लोखंडी चिलखत काढा, तिले वाकवा अन् सावलीतून न्या."

चिलखत काढाले जीव होईना. तरी काढलं. बुढी वाकून, गवतातून, राक्षसाच्या पाठीमागून आत गेली. जिवंतपणी ही बाई शेजाऱ्याच्या अंगणातून चूप कधी गेली नाई! मी टाळ्या वाजवल्या.

सून म्हणे, "आता समोर चला. आत आग ओकणारा अजगर हाये."

"तू जा. माही बुढी इथीच बसन."

तवापासून ती किल्ल्याच्या कोपऱ्यात बसून हाये. सून रोज कुरकुर करते, पण तो डाव मी कोणाले समोर नेऊ देत नाई.